उमरडोहची पांढरी

माझ्या मायला माहेर नव्हतं असं नाही. होतं, पण तिथं कोणी राहत नव्हतं. आमच्या भागात अशा गावाला रिठ म्हणतात. माणसं उठून गेली, घरं बसली, विहिरीत पिंपळ उगवला, तरी कागदावर गाव जिवंतच असतं. त्याला शीव असते, नाव असतं, फक्त नावापुढं कंसात 'रिठ' लिहिलेलं असतं. वर्धा जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर पसरून बघा, कंसातली अशी गावं पुष्कळ सापडतील. मायचं गाव उमरडोह (रिठ). लहानपणी मला वाटायचं की तिथं केस धुवायच्या रिठ्यांची झाडं असणार, आणि माय कधीतरी माहेरी गेली की ओटीभर रिठे घेऊन येणार. हे मी एकदा शेजारच्या बायांसमोर बोलले तर त्या हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मायही हसली. पण त्या दिवशी तिनं माझे केस जरा जास्तच करकचून विंचरले.

आमचं गाव आंजीच्या पलीकडं, धाम नदीच्या काठावर. आम्ही भाजीपाल्याची माणसं. शेजाऱ्यांच्या वावरात कापूस आणि तूर, आमच्या वावरात वांगी, मेथी, पालक आणि सांभार. सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर. मी शहरात इतकी वर्षं काढली, तरी कोथिंबीर म्हटलं की मला ती भाजी परक्या घरची वाटते. घराच्या मागच्या पडवीत पहाटे भाजीच्या जुड्या बांधल्या जात. ओल्या मुळ्यांचा, मातीचा आणि चुलीवरच्या चहाचा असा एकत्र वास मला पुन्हा कुठं भेटला नाही. नदीकडून इंजिनाचं फटफट ऐकू यायला लागलं की समजायचं, बाबा दांडावर गेले. दांड म्हणजे पाण्याचा पाट. त्या फटफटीवर आमचं घर चालायचं. ती मधेच बंद पडली तर माय हातातली भाकर परातीत तशीच धरून कान टवकारायची, आणि पुन्हा सुरू झाली की भाकर तव्यावर पडायची.

बाबा कमी बोलायचे. माय त्यांच्या वाटचंही बोलून घ्यायची. बाजारात तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. "वांगी कडू हायत काय वो?" असं कोणी विचारलं, की ती म्हणायची, "वांगी गोड हायत बापा, तूच तोंड कडू करून आला." फक्त दिवाळी आली की ही बाई गप्प होई. भाऊबिजेला गावातल्या साऱ्या लेकी-सुना पिशव्या भरून माहेरच्या वाटेला लागत. मायला एकच भाऊ, तो आष्टीकडं सासऱ्याच्या गावी राहायला गेलेला. त्याच्या घरी ती जायची, पण ते भावाचं सासर, तिचं माहेर नव्हे. एकदा शेजारच्या काकू भर पाणवठ्यावर म्हणाल्या, "हिले काय, हिचं माहेर रिठात." मायनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "माह्या माहेरून दरसाल बंडी भरून येते. तुह्या माहेरून काय येते, लुगडं? थेही इटलेलं."

मायचं ते बोलणं खोटं नव्हतं. ते कळायला पांढरी काय असते ते सांगायला हवं. आमच्याकडं शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाच्या जागेला पांढरी. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली, चुलीची राख, शेण, भिंतींची माती, सारं त्याच जागी पडत राहिलं, की तिथली काळीशार जमीन पांढुरकी होते. गाव उठलं तरी पांढरी राहते. आणि ती माती भाजीला फार मानवते. म्हणून उन्हाळ्यात आसपासचे शेतकरी बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जुंपून रिठावर जातात आणि पांढरी खणून आणतात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बाबाही आणायचे. उमरडोहची पडकी घरं, बसलेल्या भिंती, त्यांची माती आमच्या वांग्यांच्या वाफ्यांत पडायची आणि माय ती स्वतः हातानं चुरायची. "ही आमच्या वसरीची असंन," एखादं ढेकूळ फोडताना ती म्हणायची. वसरी म्हणजे ओसरी. बाबा नुसते हसायचे.

वर्षातून एकदा, चैत्रात, उमरडोहची उठून गेलेली माणसं परत तिथं जमायची. घरं नव्हती, पण मारुती होता. गाव गेलं तरी मारुती हलवायचा नसतो. त्याच्यापुढं रोडगे व्हायचे. गोवऱ्यांचा हार, म्हणजे रास, पेटवून त्यात कणकेचे गोळे भाजायचे, राख झटकून ते तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. वांगी अर्थात आमची. म्हाताऱ्या बाया जेवण झाल्यावर हात धरून एकमेकींना रिकामी जागा दाखवत फिरायच्या. इथीसा तुह्यी चूल होती, इथीसा माह्यी. मला ते बघून कधी हसू यायचं, कधी भीती वाटायची. माय मात्र त्यांच्यात जायची नाही. ती मारुतीच्या पारावर बसून नाल्याच्या दिशेनं बघत राही. तिला उन्हाचा त्रास होतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी कॉलेजला गेले ते वर्ध्याला, एस.टी.नं. भूगोल घेतला, कारण त्या तासाला जागा रिकाम्या असत आणि बाकावर एकटीला पसरून बसता येई. यापेक्षा थोर कारण मला सांगता येत नाही. पण मग मला ते वेड लागलंच. आमचे भूगोलाचे सर बारीक चणीचे, सदा खडूनं माखलेले. नकाशा वाचायला शिकवताना ते म्हणायचे, "यात माणूस कुठं आहे ते शोधा. डोंगर काय, दिसतोच." एक दिवस त्यांनी एक जाड पुठ्ठ्याचं खोकं आणलं. नागपूरच्या कुठल्याशा कचेरीतून जुनी म्हणून काढून टाकलेली, विमानातून घेतलेली काळीपांढरी छायाचित्रं त्यात होती. सोबत स्टिरिओस्कोप, म्हणजे पायांवर उभा केलेला दोन भिंगांचा चष्मा. त्याखाली एकाच जागेची दोन चित्रं शेजारी ठेवायची आणि बघत राहायचं. आधी काहीच होत नाही, डोळे दुखतात. मग एकदम दोन्ही चित्रं एकमेकांत शिरतात आणि सपाट कागदावरची जमीन उठून उभी राहते. झाडं डोळ्यांकडं येतात, नाले खाली जातात. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी "अगं माय!" असं मोठ्यानं ओरडले. सारा वर्ग हसला. सर नाही हसले.

मग मला दुसरा उद्योगच राहिला नाही. नदीचं आंजीजवळचं वळण मी चित्रांत ओळखलं, तिथून बोट सरकवत आमचं गाव, आमचं वावर, आणि मग नाला धरून वर उमरडोह. काळ्या वावरांच्या मधोमध ती पांढरी लख्ख दिसत होती. एका घरावरही छप्पर नव्हतं, पण गल्ल्या कुठं होत्या ते दिसत होतं. आणि जरा उगवतीला, नाल्याच्या अंगाला, आणखी एक लहानसा पांढुरका डाग होता. त्याच्याकडं चहूबाजूंनी बारीक रेषा येत होत्या. मी सरांना विचारलं. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "गुरांच्या पायवाटा आहेत या. सगळी ढोरं रोज जिथं जमत, ती जागा. गोठान." गाव उठून इतकी वर्षं झाली, पण ढोरांच्या खुरांच्या रेषा अजून जमिनीवर होत्या. मी पातळ कागद ठेवून सगळं गिरवून घेतलं आणि फुशारकी मारायला घरी गेले.

माय तेव्हा पडवीत मेथीच्या जुड्या बांधत होती. मी कागद तिच्यापुढं पसरला, हा मारुती, ही वेशीची वाट, ही तुझ्या घराची गल्ली असं दाखवत सुटले. ती नुसती हं हं करत होती. मग एकदम हात थांबवून म्हणाली,

"यात गोठान दिसते काय?"

"दिसते ना. हे पाह्य."

"अन् दोन बाभळी? गोठानाच्या उगवतीले, नाल्याच्या काठी?"

मी चित्रात पाहिलेल्या झाडांच्या जागी दोन टिंबं काढलेलीच होती. ती दाखवली. तिनं मेथीच्या ओल्या मुळ्यांनी माखलेलं बोट त्या टिंबांवर ठेवलं आणि उचललंच नाही.

मग तिनं सांगितलं. माझ्याआधी एक मुलगा झाला होता. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आलेली. थोडेच दिवस जगला. लहान लेकरांना जाळत नाहीत, मातीत ठेवतात. तिचे वडील फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. ओली बाळंतीण खाटेवरून उठत नाही, म्हणून तिला जाता आलं नाही. वडिलांनी परत येऊन एवढंच सांगितलं की गोठानाच्या उगवतीला, नाल्याच्या काठी, दोन बाभळींच्या मधात. ती सासरी आली. वडील गेले. गाव उठलं. रोडग्यांना जायची तेव्हा गोठान कुठं होतं हेच तिला धड ओळखू येत नव्हतं, सगळीकडं रान माजलेलं, आणि कोणाला विचारावं तर काय म्हणून विचारावं.

"बाबाले मालूम हाय?" मी विचारलं.

"पोरगं गेलं थे मालूम हाय. कुठीसा ठेवलं थे त्यायनं कधी विचारलं नाई. म्या कधी सांगतलं नाई." ती पुन्हा जुड्या बांधायला लागली. "एक डाव मले तिथीसा घेऊन चाल. लेकराले म्या एक डावही दूध पाजू शकली नाई. मले दूधच नोतं आलं."

मी तिच्याजवळ बसले आणि एकेक जुडीची मेथी तिच्या हातात देत राहिले. आज नातवाच्या वयाची मुलं सारखी म्हणतात, मनातलं बोलून टाकावं. आमच्या घरात न बोललेल्याचं एक अख्खं गाव होतं, आणि त्यात कोणी राहत नव्हतं असं थोडंच.

त्या चैत्रात आम्ही नेहमीसारखे रोडग्यांना गेलो. जेवणं झाली, भांडी घासून झाली. माय बाबांना म्हणाली, "बंडी जुपा. नाल्याकून जाऊन येऊ."

"काऊन?"

"पोरीले पाह्यचं हाय, कालेजासाठी."

बाबांनी लाल्या आणि बांड्या या बैलांना जुंपलं. माय मागं बसली. तिच्या मांडीवर पळसाच्या पानानं झाकलेला दुधाचा तांब्या होता. बाबांनी तो पाहिला, विचारलं काही नाही. मी बंडीत पुढं, बाबांच्या पाठीशी कागद धरून उभी, उन्हानं कागदावर डोळा ठरत नव्हता. मारुतीपासून पडक्या गल्लीतून बाहेर, मग चिंचेपाशी दोन वाटा फुटत होत्या. उगवतीची धरा, असं मी सांगणार, तेवढ्यात बैल आपणच उगवतीकडं वळले. बाबांनी कासरा ओढला. बैल ऐकेनात. मान खाली घालून, ओळखीच्या वाटेवरून ते तुरुतुरु निघाले, उतार उतरले, आणि एका मोठ्या खड्ड्याच्या कडेला जाऊन फिरले. बंडीची पाठ खड्ड्याकडं करून, माती भरायला उभे राहतात तसे, शांत उभे राहिले. बांड्यानं शेपटीनं माशी हाकलली.

माझ्या कागदावरचं गोठान तेच होतं. फक्त जमिनीवर गोठान राहिलं नव्हतं. नाल्याच्या काठापर्यंत सगळं खणून नेलेलं, कुदळीच्या खुणा भिंतीवर ताज्या, तळाशी चाकोऱ्या. गावातली घरांची माती संपत आल्यावर लोक इकडं वळले होते. गोठानाची माती शेणाची, सगळ्यांत भारी.

माय खाली उतरली. खड्ड्याच्या काठानं चालत गेली, परत आली.

"इथीसा दोन बाभळी होत्या," ती म्हणाली.

"होत्या," बाबा म्हणाले. "त्यायच्यानं बंडी लागे ना. तोडल्या."

"कोनं?"

बाबांना तिच्या आवाजातलं काहीतरी कळलं असावं. कासरा सोडून ते म्हणाले, "म्याच."

मायनं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. मला वाटतं, त्या क्षणी तिला त्यांची कीव आली होती, आणि ते मला रागापेक्षा वाईट वाटलं. "अवो," ती हळू म्हणाली, "आपला पह्यला इथीसा होता."

बाबांना लगेच समजलं नाही. ते खड्ड्याकडं बघत राहिले. मग बंडीतून उतरले, चाकाला हात लावून खाली बसले, आपले दोन्ही तळहात उलटेसुलटे करून पाहिले. माझा बाप रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता. तो रडला तेव्हाही आवाज आला नाही, फक्त डोक्यावरचा दुपट्टा हलत होता. मग दुपट्ट्यानं तोंड पुसून म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं वो?"

"तुमी कधी विचारलं?"

त्या दोघांच्या संसारात मी ऐकलेलं खरं भांडण एवढंच. दोन वाक्यांचं. मी मधे कागद धरून उभी होते. तो कागद अगदी बरोबर होता, टिंबाला टिंब, आणि त्याचा कोणालाच काही उपयोग नव्हता. पण जागा सापडायला नको होती असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या मायला ते कळण्याचा हक्क होता.

"दूध?" मी विचारलं.

"इथीसा कोनाले पाजू?" माय म्हणाली आणि बंडीत जाऊन बसली.

आता मी वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला राहते, जन्मभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. फोनवर सारी पृथ्वी दिसते. नातू मला बोटं फाकवून दाखवतो, "आजी, तुझं घर बघ." मी उमरडोह बघते. नाव अजून उमटतं, कंसासकट. पांढरीचा डाग आता दिसत नाही, वरून सगळं सोयाबीनचं वावर आहे. मी शाळेत पोरांना शिकवलं की मातीचा रंग बघून माणसं कुठं राहिली ते ओळखता येतं. ती माती पुढं कुठं गेली, हे मात्र कुठल्याच चित्रावर दिसत नाही. मला ते माहीत आहे. ती वांगी आम्ही खाल्ली, वर्ध्याच्या बाजारात विकली, त्यांच्यावर मी शिकले, मोठी झाले.

त्या दिवशी आम्ही रिठावरून परत आलो. दिवस कलला होता. बंडी घरापुढं थांबली, पण माय घरात गेली नाही. तांब्या घेऊन तशीच वावरात गेली. बाबा तिच्या मागं, मी त्यांच्या मागं. वांगी फुलांवर होती. माय वाफ्यांच्या कडेला उभी राहिली आणि तिनं विचारलं,

"थे माती कोन्या वाफ्यात टाकली?"

बाबांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली. आठवायचा प्रयत्न करत असावेत. मग मान खाली घालून म्हणाले, "साऱ्याच."

"मंग पानी सोडा," ती म्हणाली.

बाबा नदीकडं गेले. हँडल मारल्याचा आवाज आला, इंजिन दोनदा खोकललं, मग चालू झालं. दांडात पाणी येताना दिसलं, काडीकचरा पुढं ढकलत. माय दांडाच्या तोंडाशी उकिडवी बसली. पळसाचं पान काढलं आणि तांब्यातलं दूध हळूहळू पाण्यात सोडलं, लेकराला ठसका लागू नये म्हणून पाजतात तितकं हळू. थोड्या अंतरापर्यंत ते पांढरं दिसलं, मग गढूळ पाण्यात मिसळलं. बाबा फावडं घेऊन आले आणि एकेक वाफ्याचं तोंड उघडत पुढं गेले. त्या संध्याकाळी त्यांनी एकही वाफा कोरडा ठेवला नाही.